लायन्स मेनला काटे येत नाहीत: जात चुकली की हवा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. सोलापूर शहरात दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घेता. ऑगस्टमध्ये लायन्स मेन या पांढऱ्या, काटेरी गोळ्यासारख्या अळिंबीचं बियाणं मागवून लाकडाचा भुसा आणि गव्हाचा कोंडा यांच्या एकेक किलोच्या वीस पिशव्या भरल्या. भुसा धिंगरीच्या काडासारखाच कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मॅलिन घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवला होता. आठ पिशव्या हिरव्या पडल्या. उरलेल्या बारांत जाळी, म्हणजे बियाण्यातून पसरणारे बुरशीचे पांढरे तंतू, विरळ आहे. त्यातल्या पाच पिशव्यांतून पांढरे कोंब आले, पण गोळा न होता पोवळ्यासारख्या फांद्या फुटल्या, काटे जवळपास नाहीतच, टोकं पिवळी. विक्रेत्यानं दुसरीच जात दिली का, हा तुमचा पहिला प्रश्न. सोलापुरात एसीशिवाय हे जमेल का, हा दुसरा.

बियाण्यावर संशय घेण्याआधी खोलीकडे बघा. ओल टिकावी म्हणून दार-खिडकी बंद ठेवली आणि कूलर आतल्या आत फिरवला, असं तुम्हीच लिहिलंय. लायन्स मेनचा आकार तो वाढतो त्या हवेवर ठरतो, आणि तुम्ही वर्णन केलेला आकार कोंडलेल्या हवेचा आहे.

तरी जातीचा मुद्दा नीट बघू, कारण ही शंका पुष्कळांना येते. हेरिसियम ही अळिंबीची प्रजाती, आणि तिच्यात अनेक जाती आहेत. बुरशीशास्त्रज्ञ पर्सून यांनी १७९४ मध्ये हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाहक, म्हणजे अंगावर काटे असलेला तो छोटा प्राणी. धिंगरीला छत्रीखाली पडदे असतात आणि बीजाणू पडद्यांवर तयार होतात. इथे पडदे नसतात, खाली लोंबणारे काटे असतात आणि बीजाणू त्या काट्यांवर येतात. आपण लायन्स मेन म्हणतो ती हेरिसियम एरिनेसियस. हिला फांद्या नसतात. एकच भरीव गोळा, आणि त्यावरून एक ते पाच सेंटिमीटर लांबीचे काटे सोलापुरी चादरीच्या दशांसारखे सरळ खाली सुटलेले. हेरिसियम कोरॅलॉइडिसला मुळातच फांद्या असतात आणि प्रत्येक फांदीच्या खालच्या बाजूनं कंगव्याच्या दातांसारखे साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून आखूड काटे ओळीनं येतात. हेरिसियम अमेरिकॅनम उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. तिलाही फांद्या असतात, पण काटे लांब आणि फांद्यांच्या टोकांशी झुबक्यानं. अबिएटिस आणि अल्पेस्ट्रे या दोघी सूचिपर्णी झाडांवरच्या, पहिली अमेरिकेच्या पश्चिमेकडची आणि दुसरी युरोपातल्या डोंगरांतली. युरोपात सिऱ्हाटमही आहे, ती एकावर एक थर चढवत फळीसारखी वाढते. भारतात या प्रजातीच्या बहुतेक नोंदी हिमालयाच्या थंड जंगलांतल्या आहेत. सोलापूरच्या माळावर ही आपोआप उगवत नाही, म्हणजे जे काही येईल ते तुमच्या बियाण्यातूनच आलेलं.

यात धरून ठेवायची खूण एकच: फांद्या कुठल्याही जातीला असोत, काटे असतातच. खरी कोरॅलॉइडिस मोकळ्या हवेत वाढली तरी फांद्याही येतात आणि काट्यांच्या ओळीही येतात. तुमच्याकडे फांद्या आहेत आणि काटे नाहीत. हवा कोंडली, कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) साठला की एरिनेसियस अशीच दिसते. गोळा भरायच्या ऐवजी कोंब लांबत, फाटत जातो. शंका फिटायला एक पिशवी बाहेर काढा. घरातल्या सर्वांत गार, वारा खेळत्या पण ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात ठेवा, भोवती चार काड्यांवर ओलं गोणपाट उभं करा, वर आणि एका बाजूला उघडं राहू द्या. आठ-दहा दिवसांत नव्या वाढीवर काटे लांबू लागले तर बियाणं बरोबर आहे. सप्टेंबरच्या उष्म्यात सुबक गोळा येणार नाही, पण काटे दिसतील. काटे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनंच वाढतात, म्हणून वाढ सुरू असताना पिशवी आडवी केली तर नवे काटे वळून पुन्हा खाली येतात. ते बघितलं की काट्याला काटा म्हणायचं की फांदी, हा गोंधळ उरत नाही. सूक्ष्मदर्शक मिळाला तर बीजाणूही मोजता येतात: एरिनेसियसचे साधारण ५ ते ७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), कोरॅलॉइडिसचे साधारण साडेतीन ते ५.

जाता जाता एक सांगतो. ‘हेजहॉग मशरूम’ नावानं कुणी बियाणं विकत असेल तर घेऊ नका. ती हिडनम. काटे तिलाही आहेत, पण नातं अगदी दूरचं. ती जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करून जगते, भुशाच्या पिशवीत येत नाही. हेरिसियम लाकूड कुजवून जगते, म्हणूनच ती पिशवीत येते.

आता आठ हिरव्या पिशव्यांकडे. ती ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी, आणि दोष तुमच्या हातांच्या स्वच्छतेचा नाही, पद्धतीचा आहे. १०० लिटर पाण्याला ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मॅलिन हे प्रमाण धिंगरीच्या काडासाठी आहे. काडात अन्न कमी असतं आणि धिंगरी दांडगी असते, अर्धवट मेलेल्या बुरशीलाही मागे टाकते. लायन्स मेनची जाळी हळू आणि नाजूक. तिला पुरेसं अन्न मिळावं म्हणून आपण कोंडा घालतो, आणि कोंडा ट्रायकोडर्माला तेवढाच आवडतो. कोंडा घातला की वाफेनं निर्जंतुकीकरण करायलाच हवं. शिवाय खाण्याच्या बुरशीला बुरशीनाशकात भिजवलेल्या भुशावर वाढवणं मला पटत नाही. धिंगरी घेतानाही जमेल तिथे गरम पाणी किंवा वाफच वापरा.

दहा किलो ओल्या मिश्रणासाठी मी असं प्रमाण धरतो: कोरडा भुसा ३.२ किलो, गव्हाचा कोंडा ७०० ग्रॅम, जिप्सम ४० ग्रॅम. पाणी आधी साडेपाच लिटर, मग मुठीच्या अंदाजानं वाढवत जास्तीत जास्त सहा. मूठ घट्ट दाबली की बोटांच्या फटीत ओल चमकावी, एखादा थेंब यावा, धार लागू नये. हे साधारण ६० टक्के ओलाव्याला येतं. जास्त पाणी झालं तर पिशवीच्या तळाशी साचतं आणि तिथे जीवाणू आंबट वास सोडतात. कोंडा २० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. उत्पन्न थोडं वाढतं, पण पिशव्या फुकट जाण्याचं प्रमाण त्याहून जास्त वाढतं. चुना अजिबात नको. लायन्स मेनला किंचित आम्ल, साडेपाच ते साडेसहा सामूचं (पीएच) मिश्रण मानवतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड आणि अल्कधर्मी, त्यात चुना घातला की जाळी पसरतच नाही. मिश्रण भिजवायला पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी वापरा. नळाचं पाणी रोज येत नाही, तेव्हा पिपात दोन दिवस उघडं राहिलेलं चालेल, क्लोरीनही उडून जातो.

भुसा कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. वखारीतून ‘मिक्स’ भुसा आणू नका. त्यात सागवान आणि कडुनिंब असतो, दोन्ही लाकडं बुरशीला दाबतात. देवदार-पाइनचा पॅकिंगच्या पेट्यांचा भुसाही नको. आंबा, सुबाभूळ किंवा निलगिरी वेगळी चिरत असतील त्या दिवशी सांगून ठेवा. आपल्या जिल्ह्यात उसाची बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, हाताशी आहे आणि ती चालते. चीनमध्ये लायन्स मेन बगॅसवर आणि सरकीच्या टरफलांवरही घेतात. मात्र कारखान्यातून ताजी आणलेली बगॅस निम्मी पाण्यानं भरलेली असते, आणि उरलेल्या साखरेमुळे दुसऱ्याच दिवशी आंबते. आणली की लगेच पातळ पसरून कडक उन्हात वाळवायची, आणि भुशातला एक तृतीयांश भाग बगॅसनं बदलायचा. नुसत्या बगॅसची पिशवी फार पोकळ राहते. तुराट्या, पऱ्हाट्या बारीक केल्या तर त्याही चालतात. यंत्रमागावरचा सुताचा कचरा स्वस्त मिळतो, पण त्यात खळ आणि रंग असतो, खायच्या मालाला तो वापरू नका.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या, साधं पॉलिथिन कुकरमध्ये वितळतं. तोंडाला पीव्हीसी पाइपची कडी आणि न शोषणाऱ्या कापसाचा बोळा. वीस-बावीस लिटरच्या मोठ्या कुकरमध्ये १५ पौंड दाबाला एक किलोच्या पिशव्या अडीच तास. आधी आतली हवा वाफेसोबत दहा मिनिटं बाहेर जाऊ द्या, मग वजन ठेवा, आणि वेळ पूर्ण दाब आल्यापासून मोजा. हवा आत राहिली तर कुकरचा काटा दाब दाखवतो, पण तापमान १२१ अंशांना पोचलेलं नसतं. कुकर नसेल तर २०० लिटरच्या पिंपात जाळीवर पिशव्या रचून आठ ते दहा तास सतत वाफ द्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८-९९ अंशांनाच उकळतं, म्हणून वेळेत काटछाट नको. पिंपावर केलं तर कोंडा निम्मा करा.

बियाण्याच्या बाबतीत सोलापूर सुदैवी आहे. अळिंबीचं बियाणं ज्वारीवर फार छान होतं, आणि मालदांडीचा टपोरा दाणा शिजून फुटत नाही. विकत घेताना बाटली उजेडात धरून बघा. लायन्स मेनची जाळी कोळिष्टकासारखी पातळ आणि करडसर दिसते, धिंगरीसारखी कापसाळ पांढरी नाही. तुमच्या बारा पिशव्यांतली ‘विरळ’ जाळी कदाचित नेहमीसारखीच आहे, त्यामुळे त्या टाकून देऊ नका. बाटलीत आधीच पांढऱ्या गाठी आल्या असतील तर बियाणं जून झालंय. ते चालतं, पण लगेच वापरायचं. पिशवीचं आतलं तापमान २८ अंशांखाली आलं की किलोला ४० ते ५० ग्रॅम बियाणं घाला. धिंगरीच्या सवयीनं २०-२५ ग्रॅम घातलं तर पृष्ठभाग व्यापायला उशीर होतो, आणि त्या उशिरात हिरवी बुरशी घुसते.

जाळी पसरायला २२ ते २५ अंश आणि तीन ते चार आठवडे. पिशवीच्या पोटात खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतात, हे नेहमी मनात ठेवा. ऑगस्टमध्ये तुमची खोली २८ ला होती म्हणजे पोटात ३० ते ३१. तिथे लायन्स मेन रेंगाळते आणि ट्रायकोडर्मा पळतो. पिशव्या एकमेकींना चिकटवून रचू नका, मध्ये चार बोटं जागा ठेवा.

आता एसीचा प्रश्न. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. फळं धरायला १६ ते २० अंश हवेत, २२ पर्यंत निभावतं. कूलर हवेला जास्तीत जास्त ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंत (थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की तो दाखवतो ते) नेऊ शकतो, आणि घरचा कूलर त्या अंतराच्या साधारण ८० टक्केच कापतो. एप्रिलच्या दुपारी ४१ अंश आणि हवेत २० टक्के ओल असेल तर ओल्या फडक्याचं तापमान सुमारे २३.५, कूलरमधून हवा येते २७ ची. माणसाला सुख, लायन्स मेनला नाही. जुलैत ३० अंश आणि ७० टक्के ओल असताना कूलर २६-२७ च्या खाली जात नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दुपारी ३० अंश आणि ३५ टक्के ओल धरली तर ओल्या फडक्याचं तापमान साडेएकोणीस आणि कूलरची हवा साडेएकवीसची. रात्री बाहेरच १५-१६ असतात. म्हणून एसीशिवाय सोलापुरात खिडकी एकच: डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे जानेवारीच्या मध्याचे दिवस यात सर्वांत भरवशाचे. मागे मोजत आलं तर पहिल्या पिशव्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि शेवटच्या १ जानेवारीच्या आत भरायच्या. पत्र्याखालची खोली असेल तर पत्र्याखाली थर्माकोल आणि वर कडबा किंवा पाचट, नाहीतर दुपार सगळं गणित बिघडवते.

हिवाळ्यात खरी ओढाताण वेगळीच असते. काटे सुंदर यायला ताजी हवा भरपूर हवी, आणि आपल्याकडे ताजी हवा म्हणजे कोरडी हवा. ओल ८५ ते ९५ टक्के लागते, कर्बवायू १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक हजार भाग) खाली. तुमची खोली दहा बाय दहा बाय दहा, म्हणजे १००० घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला १०० घनफूट हवा बाहेर जायला हवी. मिनिटाला २०० घनफूट हवा काढणारा एक्झॉस्ट पंखा पाच मिनिटं सुरू, पाच मिनिटं बंद, असा टायमर लावला की काम होतं. आत येणारी हवा उघड्या खिडकीतून नको, कूलरच्या ओल्या पॅडमधूनच आली पाहिजे. म्हणजे कूलर खिडकीत पक्का बसवलेला, पॅड बाहेरच्या बाजूला आणि झोत आत. आत ठेवलेला कूलर तीच हवा घुसळत राहतो, आणि तुमच्या पिशव्यांचं नेमकं तेच झालं. सगळ्या खोलीला हे झेपत नसेल तर खोलीत प्लास्टिकचा छोटा तंबू उभारा, आत ४०-५० पिशव्याच ठेवा. हवा कमी बदलावी लागते, ओल टिकते.

फॉगर (हवेत पाण्याचं बारीक धुकं सोडणारं यंत्र) वापरत असाल तर त्यात बोअरचं पाणी घालू नका. क्षाराची पांढरी भुकटी काट्यांवर बसते आणि पुढे तिथेच तपकिरी डाग पडतात. पाण्याचा फवारा थेट गोळ्यावर मारायचा नाही, भिंती आणि जमीन ओली ठेवायची. काट्यांमध्ये पाणी अडकलं की जीवाणू धरतात आणि आतून पिवळट चिकट होतं. नुसती ओल कमी पडली तर काट्यांची टोकं आधी कोरडी होऊन पिवळसर-तपकिरी पडतात, पण चिकट होत नाहीत. या दोन पिवळ्यांतला फरक बोट लावून कळतो. तुमची टोकं बहुधा उष्णतेनं आणि कूलरच्या थेट झोतानं पिवळी पडली. १०-१२ अंशांखाली गोळा गुलाबीसर होतो, पण त्याची काळजी सोलापुरात करायला नको.

पिशवीचं तोंड धिंगरीसारखं पूर्ण उघडू नका. बाजूला एकच अडीच सेंटिमीटरची फुली मारा. जितकी भोकं जास्त, तितके गोळे लहान. पाच-सात दिवसांत फुलीतून मऊ पांढरी गाठ बाहेर येते, पुढच्या सहा-आठ दिवसांत काढणी. काटे अर्धा ते एक सेंटिमीटरचे झाले, रंग अजून शुभ्र आहे, दाबल्यावर गोळा स्पंजसारखा परत फुगतो, तीच वेळ. काटे आणखी लांबेपर्यंत थांबला तर वजन फारसं वाढत नाही, पण पिवळेपणा आणि कडवटपणा येतो. ‘लायन्स मेन कडू लागतं’ ही तक्रार बहुतेकदा उशिरा काढलेल्या मालाची असते. धारदार सुरीनं बुडाशी कापा, ओढू नका. दुसरा बहर दहा-पंधरा दिवसांनी त्याच फुलीतून येतो. दोन्ही बहर मिळून एक किलोच्या पिशवीतून २०० ते ३०० ग्रॅम धरा. बगॅस जास्त असेल तर खालच्या आकड्याकडे.

माल कागदात गुंडाळून २ ते ४ अंशांत पाच-सहा दिवस राहतो. त्यात ९० टक्के पाणी असतं, दहा किलो वाळवून एक किलो उरतं. वाळवताना ५० अंशांच्या वर जाऊ नका. सोलापुरात ताज्या मालाचं गिऱ्हाईक अजून थोडं आहे, म्हणून पुण्या-मुंबईची ऑर्डर हातात असल्याशिवाय पन्नासाहून जास्त पिशव्या भरू नयेत असं माझं मत आहे. पाकिटावर स्मरणशक्तीचे दावेही छापू नका. जपानमध्ये २००९ साली सौम्य विस्मरणाच्या ३० जणांवर १६ आठवड्यांची एक चाचणी झाली. रोज ३ ग्रॅम भुकटी घेणाऱ्यांचे गुण सुधारले आणि बंद केल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा घसरले. एवढ्या लहान चाचणीवरून आजारी माणसाला आशा विकणं बरोबर नाही. चवीच्या बळावर विका. जाड चकत्या कापून आधी कोरड्या तव्यावर पाणी आटवायचं, मग तेल. गिऱ्हाईक परत येतं.

आता हातातल्या पिशव्यांचं. हिरव्या आठ आजच बंद पिशवीत घालून खोलीपासून लांब खड्ड्यात पुरा. कोंबड्यांपुढे किंवा दारातल्या उकिरड्यावर टाकू नका, बीजाणू वाऱ्यानं परत येतात. पोवळ्यासारख्या पाच पिशव्यांपैकी एक वर सांगितलेल्या तपासणीसाठी ठेवा. उरलेल्या चारांचे कोंब मुळाशी कापा, फुलीवर स्वच्छ चिकटपट्टी लावा. त्या चार आणि न फुटलेल्या सात, अशा अकरा पिशव्या घरात २४-२५ अंशांची जागा असेल तर तिथे ठेवा, नाहीतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. कापलेल्या पिशव्यांवर फार भिस्त ठेवू नका, पण न फुटलेल्या सातांपैकी काही थंडीपर्यंत नक्की टिकतील. डिसेंबरच्या मध्यावर रात्रीचा पारा १६ च्या आसपास आला की त्या बाहेर काढा, एकेक फुली मारा, आणि तंबूत ठेवून पंख्याचा टायमर सुरू करा. पहिला गोळा लिंबाएवढा झाला की बाजूनं आणि खालून, असे दोन फोटो इथे टाका. खालच्या फोटोत काटे कुठून सुटतात ते दिसलं की जातीचं उत्तर पक्कं देता येईल.